रस्ता कोणाच्या पैशाचा?



मी भिलाईहून बोलतोय. फौजेत तीस वर्षं काढली, इंजिनिअर्स कोअरमध्ये. रस्ते आणि पूल हेच काम. कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि जिथे जन्मलो, त्याच गावी परत आलो. आजचा विषय आहे, सायकलवाल्याने रस्ता वापरण्याबद्दल कर भरावा का? विषय किरकोळ वाटेल. पण तो माझ्या डोक्यात शिरला तो माझ्याच एका चुकीमुळे. आधी ती चूक सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. पहाटेचे साडेपाच. मुलीला गाडी पकडायची होती, म्हणून तिला घेऊन दुर्ग स्टेशनकडे निघालो होतो. उशीर झालेला, धुकं पडलेलं. भिलाईत ही वेळ फर्स्ट शिफ्टची. सहाच्या आत गेटवर पोचायचं म्हणून माणसं निघालेली असतात, त्यात कंत्राटी कामगार पुष्कळ, आणि त्यातले कितीतरी सायकलवर. सेक्टरातल्या रस्त्यावर असाच एकजण पुढे होता. मी हॉर्न दिला. तो जरा बाजूला झाला, मी बाजूने काढली, आणि माझा आरसा त्याच्या हँडलला लागला. तो पडला.

मी उतरलो. त्याला फारसं लागलं नव्हतं. पण डबा उघडला होता, आणि बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात, रस्त्यावर सांडली होती. बाजूला कांदा आणि मिरची. आणि मी काय बोललो असेन? ‘‘बीच में कहाँ चल रहे हो? रोड टैक्स हम भरते हैं.’’ तो माणूस पँट झटकत म्हणाला, ‘‘गलती होगे साहब.’’ चूक माझी, आणि माफी त्याने मागितली. मी गाडीत बसलो आणि निघून गेलो. स्टेशनपर्यंत मुलगी एक शब्द बोलली नाही. उतरताना एवढंच म्हणाली, ‘‘बाबा, त्याचा डबा तरी भरून द्यायचा.’’

दुपारी दोन वाजता, शिफ्ट सुटायच्या वेळी, मी गेटबाहेर जाऊन उभा राहिलो. सायकलींचा लोंढा बाहेर आला. पहाटेच्या अंधारात मी त्याचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता. तो मला सापडला नाही. त्या दिवशी त्याला उशीर होऊन त्याची हाजिरी गेली का, हेही मला कधी कळणार नाही.

घरी आलो तो ते वाक्य डोक्यात घेऊनच. ‘रोड टैक्स हम भरते हैं.’ हे वाक्य मी एकटाच बोलतो असं नाही. आपल्या बैठकांत, क्लबात, गाडीत बसल्या बसल्या आपण सगळेच बोलतो. सायकलवाले मधे मधे येतात, त्यांना नंबर नाही, लायसन्स नाही, कर नाही, मग रस्ता कसला मागतात? म्हटलं, फौजी माणूस आहेस, तपासून तरी बघ हे खरं आहे का.

पहिला प्रश्न, असा कर लावता येतो का? येतो. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांची जी यादी आहे, तिच्यात ५७ क्रमांकाला वाहनांवरचा कर आहे. आणि तिथे स्पष्ट म्हटलंय, वाहन यंत्राने चालणारं असो वा नसो. म्हणजे सायकलही आली. महाराष्ट्रात महानगरपालिकांचा १९४९ चा जो कायदा आहे, त्याच्या कलम १२७ मध्येही वाहनं, बोटी आणि जनावरं यांच्यावरच्या कराची सोय आहे. आणि हे नुसतं कागदावर नव्हतं. तुमच्यापैकी जे सत्तरी-ऐंशीचे असतील, त्यांना सायकलचा बिल्ला आठवत असेल. नगरपालिकेत जायचं, पैसे भरायचे, पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला घ्यायचा आणि सायकलला लावायचा. माझी खडकीला बदली होती तेव्हा पुण्यातले म्हातारे लोक सांगायचे. बिल्ला नाही, दिवा नाही, डबल सीट, या तीन गोष्टींची सायकलवाल्याला धास्ती असायची.

माझ्या वडिलांच्या पेटीत असा एक बिल्ला आहे, वऱ्हाडातल्या आमच्या गावच्या नगरपालिकेचा. बाबा १९५८ साली सायकल रेल्वेत टाकून भिलाईला आले. तेव्हा इथे कारखाना उभा राहत होता. सोव्हिएत रशियाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला, आणि पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली ४ फेब्रुवारी १९५९ ला. बाबा निवृत्त होईपर्यंत त्याच सायकलवर ड्युटीला गेले. म्हणजे मी सायकलवाल्याचाच मुलगा. त्या पहाटे हे मी विसरलो होतो.

आता दुसरा प्रश्न, जास्त महत्त्वाचा. रस्ता कोणाच्या पैशातून होतो? आपण गाडी घेताना आरटीओत कर भरतो, तो राज्याच्या तिजोरीत जातो. पेट्रोल-डिझेलवर केंद्राचा उपकर आहे, त्यातून रस्ते निधीला पैसा मिळतो आणि त्यातून महामार्ग वगैरे होतात. हे मान्य. गाडीवाला काहीच देत नाही, असं मी म्हणत नाही. पण घरासमोरचा, बाजाराकडे जाणारा, शाळेकडे जाणारा रस्ता? तो बहुतेक ठिकाणी महापालिका करते, आणि तिच्याकडे पैसा येतो मालमत्ता करातून आणि सरकारी अनुदानातून. खुर्सीपारला भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस घरभाड्यातून मालमत्ता कर देतो. साबण घेतला, चप्पल घेतली, मोबाइल रिचार्ज केला, की जीएसटी देतो. सायकल घेतली तर तिच्यावरही देतो. हा कर बारा टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के झाला. तेव्हा ‘सायकलवाला फुकट रस्ता वापरतो’ हे हिशोबाने चूक आहे.

आणि भिलाईचं तर आणखी वेगळं. इथल्या टाउनशिपमधले सेक्टरांचे रुंद रस्ते आरटीओच्या करातून झालेलेच नाहीत. ते कारखान्याने बांधले, कारखान्यानेच सांभाळले. कारखान्याला पैसा कुठून आला? देशाच्या तिजोरीतून आणि रशियाच्या कर्जातून. ती तिजोरी १९५५ साली कोणी भरली होती? मोटारवाले तेव्हा होते तरी किती! मी ज्या रस्त्यावर त्या माणसाला ‘टैक्स हम भरते हैं’ म्हणालो, तो रस्ता त्याच्या आजोबांनी काडेपेटी आणि धोतरजोडी विकत घेताना जो कर भरला, त्या पैशाचा होता.

तिसरा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे. रस्ता खराब कोण करतं? फौजेच्या वाहनांवर पुढे पिवळा गोल आणि त्यात आकडा असतो, तुम्ही पाहिला असेल. तो त्या वाहनाचा भारवर्ग. पुलाच्या तोंडाशीही तसाच आकडा असतो. वाहनाचा आकडा पुलाच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर पुलावर जायचं नाही. तिथे गाडी कोणाची, आत कोण साहेब बसलाय, याला अर्थ नाही. पूल फक्त वजन ओळखतो.

रस्ताही वजनच ओळखतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मोठी चाचणी झाली. मुद्दाम रस्ते बांधले आणि त्यांच्यावरून ट्रक सारखे फिरवत ठेवले. ते चालवायला सैनिक होते, म्हणून आम्हा लोकांना ती चाचणी जरा जवळची वाटते. त्यातून एक ढोबळ नियम निघाला. एक्सलवरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सोळा पट होते. भाराचा चौथा घात.

आता घरचा हिशोब करा. सायकल आणि माणूस मिळून ९० किलो धरा. दोन चाकं, एका चाकावर ४५. माझी गाडी माणसांसकट १,४०० किलो, एका एक्सलवर ७००. सातशे भागिले पंचेचाळीस म्हणजे साडेपंधरा. त्याचा चौथा घात जातो ५८ हजारांच्या आसपास. म्हणजे माझी गाडी एकदा गेली की रस्त्याला जे होतं, ते व्हायला सायकलच्या ५८ हजार खेपा लागतील. नियम ढोबळ आहे, म्हणून आकडा अर्धा करा, पाव करा. तरी उरतो तो फरक केवढा! आणि दहा टनांच्या एक्सलचा ट्रक माझ्या गाडीच्याही चाळीस हजार पट. गाडी घेताना मी आजीवन कर साठेक हजार रुपये भरला होता. झिजेच्या प्रमाणात कर लावायचा म्हटला, तर त्या माणसाने आयुष्यात एकदा एक रुपया भरावा. मी त्याचा डबा सांडला तो ह्या एक रुपयावरून.

बरं, झीज सोडा, तत्त्व म्हणून थोडा कर लावू म्हणाल. मग वसुलीचा हिशोब करू. समजा एखाद्या गावात दहा हजार सायकली आहेत आणि वर्षाला पन्नास रुपये कर आहे. झाले पाच लाख, तेही सगळ्यांनी भरले तर. वसुलीला दोन माणसं ठेवली, महिना वीस हजारांवर. वर्षाचे चार लाख ऐंशी हजार त्यातच गेले. उरलेल्या वीस हजारांत दहा हजार बिल्ले करायचे, पावती पुस्तकं छापायची आणि न भरणाऱ्याला पकडायचं. कोण पकडलं जाईल? लाखाची सायकल घेऊन रविवारी फिरणारा माझ्यासारखा निवृत्त माणूस नाही. पकडला जाईल तो पहाटेच्या शिफ्टचा माणूस, आणि सुपेल्याहून भांडी-धुण्याच्या कामाला सेक्टरात येणारी बाई. तिकडे सरकार नववीतल्या गरीब घरच्या मुलींना शाळेत जायला सरस्वती सायकल योजनेतून सायकल देतं. एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर कर मागायचा?

सायकलींचा देश म्हणून आज आपण ज्याचं नाव घेतो, त्या हॉलंडने हे करून पाहिलं आहे. १९२४ साली त्यांनी सायकलवर वर्षाला तीन गिल्डरचा कर लावला. भरला की धातूचा बिल्ला मिळायचा. पुढे बेकारी वाढली तेव्हा गरिबांना बिल्ला फुकट देऊ लागले, पण त्या बिल्ल्याला भोक पाडलेलं असायचं. म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसावं की हा फुकटचा आहे. १९४१ साली तो कर गेला. त्या भोकाबद्दल वाचलं आणि मला माझं वाक्य आठवलं. ‘रोड टैक्स हम भरते हैं’ म्हणून मी तरी काय केलं? त्या माणसाच्या बिल्ल्याला भोकच पाडलं.

आता सायकलवाल्यांची दुसरी बाजूही बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, कर्नल पाप फेडतोय. सायकलवाल्याला कर नसावा, पण जबाबदारी असावी. उलट्या दिशेने येऊ नये. कानात गाणी लावून चालवू नये. रात्री, पहाटे दिवा हवा, मागे लाल रिफ्लेक्टर हवा. बाबांच्या सायकलला डायनॅमो होता, आणि तो बिघडला तर ते चालत जायचे पण अंधारात सायकल चालवायचे नाहीत. त्या पहाटे त्या माणसाच्या सायकलला मागे दिवा नव्हता, हेही खरं. पण दिवा नसणं ही सुधारता येणारी उणीव आहे. गाडीचं वजन हातात असताना घाई करणं हा त्याहून मोठा गुन्हा आहे. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात साडेचार हजारांहून जास्त सायकलवर होती. रस्त्याची खरी किंमत हे लोक मोजतात, आणि त्याची पावती मिळत नाही.

मी काय केलं, ते सांगतो. तो माणूस सापडला नाही, म्हणून ते देणं तसंच आहे. ते फिटलं असं मी मानत नाही. पण आम्ही सात-आठ निवृत्त मंडळींनी वर्गणी काढली, आणि हिवाळ्यात महिन्यातून एका रविवारी एका सायकल दुरुस्तीवाल्याच्या टपरीवर बसतो. येईल त्या सायकलला मागे रिफ्लेक्टर आणि छोटा लाल दिवा लावून देतो. कोणी विचारतं, ‘‘कितना हुआ?’’ आम्ही सांगतो, झालं, भरलंय.

आणि सायकलच्या मागे असलो की आता मी हॉर्न देत नाही. मागे थांबतो, समोरचा रस्ता मोकळा झाला की हातभर नाही, चांगली दोन हात जागा सोडून पुढे जातो. अर्धा मिनिट जातो. फौजेत आम्ही पुलाच्या तोंडाशी याहून जास्त वेळ थांबायचो, आणि कोणी विचारत नव्हतं की पुलाचा टॅक्स कोणी भरला.

एवढंच सांगायचं होतं. उद्या पहाटे तुमच्या गाडीपुढे अशी एखादी सायकल आली, तर तिच्या हँडलला लटकलेल्या डब्याकडे जरा बघा.

जय हिंद.