एक शहर, पाच विद्यापीठं



प्रवेशाच्या याद्या लागून झाल्या, वर्ग भरू लागले, आणि आता महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर एक छोटा कागद लागेल. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी बास्केटबॉल संघाची निवड चाचणी. इच्छुकांनी क्रीडा विभागात नाव नोंदवावं. बास्केटबॉलच्या येत्या हंगामाची सुरुवात या कागदापासून होते. त्या हंगामात वर्धा जिल्ह्यातले कोणते संघ तगडे ठरतील, कुणावर लक्ष ठेवावं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

सुरुवातीलाच सांगून टाकतो की वर्ध्यातला अव्वल संघ कोणता, हे मैदानावर ठरण्याची सोय आपल्याकडे नाही. आपले चांगले संघ एकमेकांशी खेळतच नाहीत.

शहराच्या मध्यापासून आठ-दहा किलोमीटरच्या परिसरात काय काय आहे ते पाहा. शिक्षा मंडळाची दोन जुनी महाविद्यालयं आहेत. १९४० साली सुरू झालेलं गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय आणि १९६२ सालचं जानकीदेवी बजाज विज्ञान महाविद्यालय. ही दोन्ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची. यशवंत महाविद्यालय आणि या परिसराबाहेरचं, हिंगणघाटचं बिडकर महाविद्यालय यांचा गटही हाच. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. शहराच्या दुसऱ्या बाजूला सावंगी मेघे इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण ते दत्ता मेघे अभिमत विद्यापीठाचं. पिपरीची बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी २०१७ साली सुरू झाली, तिची संलग्नता पार रायगड जिल्ह्यातल्या लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी. आणि टेकडीवरचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासूनचं केंद्रीय विद्यापीठ. त्याचा कारभार सर्वस्वी वेगळा.

एका शहरात पाच विद्यापीठांचे विद्यार्थी राहतात. सेवाग्रामचा मुलगा आणि सावंगीचा मुलगा एकाच चौकात चहा पितात, पण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ते समोरासमोर येऊ शकत नाहीत.

बारावीपर्यंत असं नसतं. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेतं. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट असतात, आणि कनिष्ठ महाविद्यालयांचे संघ एकोणीसच्या गटात जिल्ह्याला एकत्र येतात. तिथून नागपूर विभाग, मग राज्य. म्हणजे वर्ध्याच्या सगळ्या चांगल्या मुलामुलींना एकमेकांविरुद्ध खेळताना पाहण्याची शेवटची संधी एकोणीस वर्षांखालच्या जिल्हा स्पर्धेत मिळते. पुढच्या वर्षी एक मेडिकलला जातो, एक इंजिनिअरिंगला, एक बी.कॉम.ला, आणि खेळाच्या दृष्टीनं तिघांचे तीन देश होतात. त्यात अनेकांची अकरावी-बारावीची दोन वर्षं ‘नीट’ आणि जेईईच्या शिकवणीत गेलेली असतात. ज्या वयात खांदे भरतात, उंची पुरी होते, हात रिंगच्या जवळ पोचतो, नेमक्या त्याच वयात चेंडू हातातून सुटतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला चाचणीला येणारा खेळाडू बहुधा दोन वर्षांनी कोर्टावर उतरत असतो. कोणत्या महाविद्यालयाचा संघ चांगला होणार, हे पुष्कळसं या परतणाऱ्या मुलांवर ठरतं.

आता संघांकडे वळू.

वैद्यकीय महाविद्यालयांना मी वरचं स्थान देतो, आणि याचं कुणाला नवल वाटेल. डॉक्टरकीचा अभ्यास करणाऱ्यांना खेळायला वेळ कुठे, असं आपण गृहीत धरतो. पण एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. मुलं वसतिगृहात राहतात, कोर्ट आवारात असलं तर खोलीपासून चालत पाच मिनिटांवर. पहिल्या वर्षी एकत्र आलेले पाच जण चौथ्या वर्षीही एकत्रच खेळत असतात. बास्केटबॉलमध्ये याला फार मोल आहे. पाच जणांच्या खेळात आपला गडी वळला की कुठे जाईल हे न बघता कळावं लागतं, आणि ते कळायला दोन-तीन वर्षं लागतातच. या संघांची अडचण परीक्षेची. विद्यापीठाची परीक्षा आणि स्पर्धेच्या तारखा जवळ आल्या की अर्धा संघ वाचनालयात असतो. सेवाग्राम आणि सावंगी या दोन्ही ठिकाणी यंदा तिसऱ्या वर्षाला कोण आहे ते पाहा. संघाची ताकद तिथे आहे.

अभियांत्रिकीची गोष्ट साधारण अशीच, चार वर्षांची. सेवाग्रामच्या बापूराव देशमुख महाविद्यालयात आणि पिपरीला मुलं चारही वर्षं असतात, मात्र शेवटच्या वर्षी नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या की कर्णधारच मैदानावर दिसत नाही. अभियांत्रिकीचे संघ उंचीनं बरे असतात, धावण्यात कमी पडतात, असं माझं निरीक्षण आहे. चौथ्या क्वार्टरमध्ये ते उघडे पडतात.

विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालयांची शक्ती वेगळी आहे. त्यांची स्वतःची कनिष्ठ महाविद्यालयं आहेत, त्यामुळे अकरावीत आलेला खेळाडू त्याच शिक्षकांच्या हाताखाली पाच वर्षं राहू शकतो. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीला चौथ्या वर्षाची वाट खुली झाली आहे. आजवर तिसऱ्या वर्षाला जरा तयार झालेला गार्ड निकाल लागताच निघून जायचा. तो आता आणखी एक हंगाम मिळू शकतो. या बदलाचा फायदा जे शारीरिक शिक्षण संचालक वेळेवर ओळखतील, त्यांचे संघ पुढच्या दोन-तीन वर्षांत वर येतील याची मला खात्री आहे.

नागपूर विद्यापीठाच्या स्पर्धेत आपल्या संघांची खरी गाठ नागपूर शहराशी असते. तिथे शिवाजीनगर जिमखान्यासारखे क्लब आहेत, दिव्याखालची कोर्टं आहेत. मुलं शाळेपासून रोज संध्याकाळी खेळतात आणि महाविद्यालयात येतात ती तयार होऊनच. एकेकाळी ही स्पर्धा आणखी कठीण होती. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठात आधी सगळा विदर्भ होता. १९८३ साली अमरावती विद्यापीठ वेगळं झालं, २०११ साली चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवाना विद्यापीठात गेले. उरले नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया. पुलगाव किंवा आर्वीच्या पश्चिमेला वर्धा नदी ओलांडली की विद्यापीठ बदलतं. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची संस्था नदीपलीकडे इतक्या जवळ असून आपल्या संघांना तिथल्या संघांशी खेळायला मिळत नाही, हे मला नुकसान वाटतं. चांगल्या संघाकडून हरण्यानंच संघ शिकतो.

हरण्यावरून हंगामाच्या लांबीची गोष्ट आली. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपतो. एकेक संघ तीसच्या आसपास सामने खेळतो, आणि शेवटच्या स्पर्धेला ६८ संघ पात्र ठरतात. तिथली एक वृत्तसंस्था १९४९ पासून क्रीडा पत्रकारांची मतं घेऊन संघांची क्रमवारी छापते आणि हंगामापूर्वीच पहिले पंचवीस संघ जाहीर होतात. तीस सामन्यांचा आधार असला की असं भाकीत करता येतं. आपल्याकडे स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीची. भाग्यपत्रिकेत पहिल्याच फेरीत तगडा संघ आला आणि हरलात, की वर्षभराचा हंगाम संपला. दहा मिनिटांचे चार क्वार्टर, चाळीस मिनिटं. जुलैपासून पहाटे उठून केलेल्या सरावाला चाळीस मिनिटं! एवढ्यात कुठल्या मुलाचा खेळ वाढेल?

जे एकेकटे चमकतात त्यांची निवड विद्यापीठाच्या संघात होते. आपल्याकडे त्यांना कलर होल्डर म्हणतात. त्यांना पुढे पश्चिम विभाग खेळायला मिळतो. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश इथल्या विद्यापीठांची ती स्पर्धा, आणि तिच्यातले पहिले चार संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातात. तिथे चेन्नई, बंगळुरू, केरळ इकडचे संघ असतात आणि त्यांच्यासमोर टिकणं सोपं नाही. दक्षिणेत हा खेळ लवकर रुजला. हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं, तिथून शिकून गेलेले शिक्षक शाळाशाळांत पसरले. शंभर वर्षांची ती मशागत आहे.

मुलींच्या संघांबद्दल मी आशावादी आहे. मुलींच्या गटात संघ कमी उतरतात, त्यामुळे नेमानं सराव करणारा संघ लवकर वर पोचतो. आपल्या तालुक्यांमधल्या मुली खो-खो, कबड्डी खेळून आलेल्या असतात. त्यांचे पाय आणि वाकून बचाव करण्याची सवय बास्केटबॉलमध्ये फार कामाला येते. चेंडू हाताळणं सहा महिन्यांत शिकवता येतं, चपळ पाय शिकवता येत नाहीत. देवळी, आर्वी, हिंगणघाट, सेलू इथल्या महाविद्यालयांनी कबड्डीच्या मुलींमधून बारा जणींचा संघ उभा करावा, असं मी मनापासून सांगेन. २०१७ साली बंगळुरूत भारताच्या महिला संघानं आशिया चषकाच्या ब विभागाचा अंतिम सामना कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ असा जिंकला. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. मराठी मुलीसाठी ही वाट अनोळखी राहिलेली नाही.

कोर्टाविषयी बोलायलाच हवं. आपली बहुतेक कोर्टं उघडी, सिमेंटची. जुलै ते सप्टेंबर, म्हणजे सरावाचे नेमके महिने, पावसाचे. कोर्टावर शेवाळ धरतं, मुलं घसरतात, घोटे मुरगळतात. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात हा खेळ काढला तो मुळी थंडीत छपराखाली खेळायला म्हणून. तरीही १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकचा पहिला अंतिम सामना उघड्या मातीच्या कोर्टावर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना, आणि अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं. नेस्मिथ स्वतः तिथे होते. त्याच बर्लिनमध्ये त्या दिवसांत आपल्या अमरावतीच्या मंडळाचा चमू कबड्डी आणि देशी व्यायाम दाखवत होता, हे विदर्भातल्या माणसानं विसरू नये. पण चिखलात अंतिम सामना होऊ शकला म्हणून आपण छपराची मागणी सोडायची नाही. दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं कोर्ट घासणं, पाणी निघून जाईल असा उतार ठेवणं, रिंगची उंची बरोबर तीन मीटर पाच सेंटिमीटर आहे का ते टेप लावून पाहणं, ही कामं तर याच आठवड्यात करता येतात. रिंग दोन इंच खाली असेल तर मुलाचा हात त्या उंचीला बसतो आणि नागपूरला जाऊन त्याचे सगळे फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेला लागतात.

सामना पाहायला जाल तेव्हा गुणफलकाआधी एक गोष्ट पाहा. समोरच्या संघानं आपल्या गार्डला पूर्ण कोर्टभर घेरलं, तर आठ सेकंदांत चेंडू मधली रेषा ओलांडतो का? वर्ध्याचे संघ मला अनेकदा इथेच हरताना दिसले. उंच सेंटर आपल्याकडे मिळतो, लांबून टाकणाराही एखादा असतो. पण दबावाखाली मान वर ठेवून चेंडू आणणारे दोघं हवेत, आणि असतो एकच. त्याचे पाच फाऊल झाले की खेळ संपला. ज्या संघाकडे असे दोन गार्ड दिसतील, यंदाचा दावेदार तोच समजा, मग त्याची उंची कितीही असो.

आणि आता माझी सूचना. शहरातल्या पाचही विद्यापीठांच्या महाविद्यालयांनी मिळून सप्टेंबरात, विद्यापीठांच्या स्पर्धांआधी, वर्ध्याची स्वतःची साखळी स्पर्धा घ्यावी. यामुळे कुठल्याही विद्यापीठाच्या संलग्नतेला धक्का लागत नाही. हे मैत्रीचे सामने आहेत. मुलांचे सहा संघ आले तर प्रत्येकाला पाच सामने मिळतात, मुलींचे चार आले तरी प्रत्येक संघाला तीन. विद्यापीठाच्या स्पर्धेत उतरण्याआधी मुलांच्या प्रत्येक संघाच्या अंगात दोनशे मिनिटांचा खेळ मुरलेला असेल. सामने शनिवार-रविवारी ठेवावेत, म्हणजे मेडिकलच्या मुलांची वॉर्डातली पाळी चुकणार नाही. पाऊस आला तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना भेटून छपराखालची जागा मागावी. चोवीस सेकंदांचं घड्याळ नसेल तर टेबलावर बसून मोठ्यानं सेकंद मोजणारा विद्यार्थी नेमावा, पण नियम पाळावा. पंच बाहेरून बोलवावेत आणि त्यांचा प्रवासखर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा. नदीपलीकडून अमरावतीचा एक संघ पाहुणा म्हणून आला तर उत्तमच.

पहिला सामना सेवाग्राम विरुद्ध सावंगी असा ठेवावा. दोन वैद्यकीय महाविद्यालयं, एक शहर, आणि दोघांचीही वसतिगृहं भरलेली. प्रेक्षक आणायला वेगळी खटपट करावी लागणार नाही. दुसरा सामना विज्ञान विरुद्ध वाणिज्य. तारखा ठरवायला क्रीडा शिक्षकांची एक बैठक पुरेशी आहे, आणि ती या महिन्यातच व्हायला हवी, कारण ऑक्टोबरात भाग्यपत्रिका हातात पडल्यावर कुणालाच सवड राहत नाही.