फडाच्या पाटावरील विज्ञान
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही 35 वर्षे खानदेशातील खेड्यांत मुलांना शिकविले. त्या काळातील एक चूक आज आपणांसमोर कबूल करावयाची आहे. सिंचनाचा पाठ चालू असता एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, हे तर आमच्या फडावर रोज घडते. माझे वडील पाटकरी आहेत." "ते परीक्षेत येत नाही," असे म्हणून आम्ही त्यास खाली बसविले. तो पुन्हा वर्गात आपणहून कधी बोलला नाही.

वास्तविक पांझरेकाठची फडपद्धती म्हणजे विज्ञानाची उघडी शाळाच होय. नदीवर दगडी बंधारा, तेथून उताराने निघालेला पाट आणि त्याखालील जमिनीचे फड. एका फडात एका हंगामी एकच पीक. म्हणजे साऱ्यांच्या पिकाची तहान एकाच वेळी. पुढे पिकांची पाळी बदलते व जमिनीचा कस टिकतो. पाटकरी पाणी देतो, जागल्या पीक राखतो. शेकडो वर्षे हे सारे पंपावाचून, केवळ उताराच्या बळावर चालत आले.

हे वर्गात कसे आणावे? पाटाच्या काठी 10 मीटर दोरी धरावी, पाण्यावर कडुनिंबाचे पान सोडावे व घड्याळ पाहावे. पानास 20 सेकंद लागली, पाटाची रुंदी 50 व पाण्याची खोली 20 सेंटिमीटर भरली, तर सेकंदास 50 लिटर पाणी वाहते. पृष्ठभागावरील पाणी तळच्यापेक्षा जलद धावते, म्हणून खरा आकडा 40 च्या आसपास धरावा. मग पाटकऱ्यास त्याचा अंदाज विचारावा. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील 16 शाळांत 1972 साली परिसर व प्रयोग यांतून विज्ञान शिकविणे सुरू झाले. 2002 साली शासनाने तो उपक्रम बंद केला. त्याचा धडा मात्र शिल्लक आहे.

परंतु जुने ते सारेच सोने नव्हे. पाणाड्या हातावर नारळ ठेवून विहिरीची जागा सांगतो. किती ठिकाणी पाणी लागले, किती ठिकाणी नाही, हेही मुलांनी वहीत मांडावे. कसोटी दोघांस एकच.

आज विहिरी व विजेचे पंप वाढले, अनेक फड मोडले, पाटकऱ्यांची मुले शहरांत गेली. म्हणून विनंती एवढीच की, या सुट्टीत आपल्या मुलांस वही देऊन घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसवावे. ज्यास आम्ही खाली बसविले, त्याची क्षमा मागण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.