कर्णाच्या बायकोचं नाव काय?

आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न. कर्णाच्या बायकोचं नाव काय?

"वृषाली" म्हणालात ना? माझंही नाव वृषाली. बाबांनी कॉलेजात असताना 'मृत्युंजय' तीनदा वाचली होती, म्हणून हे नाव. शाळेत कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायचे, "महाभारतातलं आहे!"

परवा एका मैत्रिणीनं विचारलं, "कुठल्या पर्वात?" झालं, शोधायला बसले. व्यासांच्या महाभारतात नाव काही सापडेना.

सापडलं ते असं. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याच्या जन्माचं गुपित सांगतो, पांडवांकडे चल म्हणतो. कर्ण नाही म्हणतो. अधिरथानं मला वाढवलं, माझं नाव वसुषेण ठेवलं, माझी लग्नं लावून दिली, मला मुलं-नातवंडं झाली, त्यांना कसं सोडू? म्हणजे बघा, ज्या बोलण्यात कर्णाच्या स्वतःच्या नावाची हकिकत येते, त्यातच बायका येतात, पण बिननावाच्या. पुढे स्त्रीपर्वात रणांगणावर कर्णाची पत्नी आक्रोश करते. तिथे गांधारी तिची ओळख काय करून देते? वृषसेनाची आई!

आणि गांधारी तरी काय? गांधार देशाची ती गांधारी. मद्र देशाची ती माद्री. द्रुपदाची ती द्रौपदी. द्रौपदीला निदान कृष्णा, कुंतीला पृथा अशी स्वतःची नावं आहेत. कर्णाच्या बायकोला तेवढंही नाही.

आता गंमत ऐका. पुण्याच्या भांडारकर संस्थेत कितीतरी पोथ्या ताडून, मागाहून घुसलेलं बाजूला काढून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती. ते काम १९६६ साली पुरं झालं. आणि १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली. तिच्यात सहा जण आपापल्या तोंडून गोष्ट सांगतात. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, कृष्ण आणि वृषाली. आता "मी" म्हणून बोलायचं तर बाईला नाव नको?

खरं सांगते, मला आधी फसल्यासारखंच वाटलं. बाबांना फोन केला. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "तुझ्या आजीला गावात सगळे दत्ताची आईच म्हणायचे. तिचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते रेशनकार्डावर."

त्यानंतर मी माझं उत्तर बदललंय. नाव महाभारतातलं नाही, कादंबरीतलं आहे. हे सांगायला आता लाज वाटत नाही. उलट दोन्ही सांगायला हवं. नाव कादंबरीचं म्हणून लपवलं, तर जुन्या ग्रंथात तिला नावच नव्हतं हेही लपून जातं.

तर मंडळी, आज एक काम करा. तुमच्या आजीचं, पणजीचं माहेरचं नाव विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!