घरगुती शिवणकाम : कौशल्याकडून व्यवसायाकडे

(गोव्यातील महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या गावांत शिलाई यंत्र नसलेला वाडा क्वचितच आढळेल. शेजारणीचा ब्लाऊज, मुलांचा गणवेश, साडीचा फॉल ही कामे घरोघरी चालतात. तथापि या कामास व्यवसायाचे स्वरूप फार थोड्या ठिकाणी लाभले आहे. याचे कारण कौशल्याचा अभाव हे नसून हिशेबाचा अभाव हे आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, अस्तराच्या एका ब्लाऊजला अस्तर, धागा व हुक मिळून साठ रुपये लागतात. वीज आणि यंत्राची झीज यांचे पंधरा रुपये धरा. बेतणे, शिवणे, हातशिलाई यांत तीन तास जातात. तासाचे साठ रुपये धरले, तरी मजुरी एकशे ऐंशी रुपये होते. म्हणजे एकूण खर्च दोनशे पंचावन्न रुपये. ओळखीपोटी दीडशे रुपये घेतले, तर तीन तासांच्या श्रमाचे हाती पंचाहत्तर रुपयेच उरतात. यंत्र आपले, घर आपले. म्हणून आपले श्रम फुकट, ही समजूत प्रथम सोडावयास हवी. उधारी ठेवावयाची असेल, तर निदान सामानाचे पैसे आगाऊ घ्यावेत.

दुसरी गोष्ट नोंदवहीची. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक पान राखावे. त्यावर उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा व बाही यांची मापे, माप घेतल्याची तारीख, कापडाचा पन्हा व लांबी, ठरलेली शिलाई आणि द्यावयाचा दिवस लिहावा. कापडाचा तुकडाही पानास टाचून ठेवावा. पुढे वाद उद्भवत नाही. सुती कापड बेतण्यापूर्वी पाण्यातून काढून वाळवावे, अन्यथा पहिल्या धुण्यात ते आटते आणि दोष शिवणारीच्या माथी येतो. शिवणीत पुरेशी माया सोडावी, म्हणजे कपडा पुढे सैल करता येतो.

तिसरी गोष्ट वायद्याची. चतुर्थीपूर्वी आणि लग्नसराईत कामाची रीघ लागते. आपल्या हातून आठवड्यात किती नग होतात हे ओळखून तेवढेच काम स्वीकारावे. सणाच्या दुसऱ्या दिवशी मिळालेला कपडा कितीही सुबक असला, तरी ते गिऱ्हाईक परत येत नाही.

भांडवलासाठी सावकाराचे दार ठोठावण्याची आवश्यकता नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षणकाळात दररोज पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख रुपयांपर्यंत व त्याची परतफेड झाल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तरतूद आहे. कुटुंबातील एकाच व्यक्तीस हा लाभ मिळतो, तसेच शासकीय सेवेतील व्यक्ती व तिचे कुटुंबीय यांस तो मिळत नाही. अर्ज सामायिक सेवा केंद्रातून करता येतो व ग्रामपंचायत त्याची प्राथमिक पडताळणी करते. कर्ज मात्र कामाच्या मानानेच घ्यावे. हाती पुरेशी गिऱ्हाइके नसताना दुसरे यंत्र घेणे हिताचे नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींना विनंती की, ज्यांना हिशेब लिहिण्याची सवय नाही अशा भगिनींना महिन्यातून एकदा वही मांडून दाखवावी. पंचायत सदस्यांनी योजनेची माहिती वाड्यावाड्यांत पोहोचवावी.

शिवणाऱ्या भगिनीच्या वहीत तिच्या श्रमाचे मोल लिहिले जाईल, तेव्हाच ते घरात आणि गावात मानले जाईल. त्या वहीचे पहिले पान आपण या आठवड्यातच लिहावे.