मूव्हेबल म्हणजे काय?

मूव्हेबल हा इंग्रजी शब्द आहे. मूव्ह म्हणजे हलणे किंवा हलवणे. जे हलवता येते ते मूव्हेबल. आधी 'इम्' लावले की अर्थ उलटा होतो. इम्मूव्हेबल म्हणजे जे हलवता येत नाही ते.

बँकेच्या आणि कोर्टाच्या कागदांवर हा शब्द भेटतो. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे, जंगम. जंगम म्हणजे चालणारा. गावोगाव फिरणाऱ्या जंगमांचे नाव त्यावरूनच पडले. उलट शब्द स्थावर.

बैल जंगम, गाडी जंगम, भांडीकुंडी जंगम. शेत, घर, विहीर ही स्थावर. इथवर सोपे आहे. आता दार घ्या. सुताराने नवे दार करून भिंतीला टेकवून ठेवले, तोवर ते जंगम. चौकटीत बसवले की ते घराचा भाग झाले, म्हणजे स्थावर. काढले तर निघेल हो, पण कायमचे बसवले आहे ना! कायदा ते पाहतो.

झाडाची गंमत आणखी वेगळी. १९०८ सालचा नोंदणी कायदा उभे पीक, गवत आणि उभे इमारती लाकूड यांना जंगम मानतो. ती लवकरच कापायची असतात. पण फळांसाठी राखलेले आंब्याचे झाड स्थावर, आणि त्यावरचे आंबे जंगम! आम्हाला तरी हा भेद शहाणपणाचा वाटतो.

एवढा कीस कशाला काढायचा? जंगम वस्तू हातोहात देता येते. स्थावर मिळकत १०० रुपयांची किंवा त्याहून जास्त किमतीची असेल, तर विक्रीचा दस्त सरकारी कचेरीत नोंदवावाच लागतो.

एका जमीनदाराने १९४८ साली आपल्या बायकोला जंगलातले लाकूड तोडून नेण्याचा हक्क लिहून दिला. मुदत बारा वर्षांहून जास्त, किंमत २६,००० रुपये. पुढे जमीनदाऱ्या सरकारजमा झाल्या. सरकारने तोड थांबवली. बाई थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे, लाकूड तर जंगम आहे. १९५८ साली निकाल लागला. इतकी वर्षे जमिनीत जाऊन वाढते लाकूड घेत राहायचे, हा जमिनीतून मिळणारा फायदा झाला, म्हणजे स्थावर. दस्त नोंदलेला नव्हता. बाईंना हक्क मिळाला नाही.

आता पाटी घ्या. घरातल्या आणि शेतातल्या दहा वस्तू लिहा. प्रत्येकीपुढे जंगम किंवा स्थावर लिहा. विहिरीवरच्या इंजिनावरून वाद होईल. होऊ द्या.