पोलीस ठाण्यांतील नोंद आणि नागरिक

पोलीस ठाण्याची पायरी कधीं चढावी न लागणें हें किनाऱ्यावरच्या गांवांत आजहि घरंदाजपणाचें लक्षण समजतात. मालवण, आचरें, देवगड, विजयदुर्ग, निवती अशीं सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ठाणीं आहेत. पण ज्याचें घर ठाण्याच्या भिंतीला लागून आहे असा गृहस्थहि, आंत कोणत्या वह्या ठेवतात, त्यांत काय लिहितात आणि लिहिलेलें मागण्याचा आपणांस कांहीं हक्क आहे कीं काय, याचा विचार सहसा करीत नाहीं. प्रसंग आला म्हणजे मात्र धांवपळ उडते. कोणी सरपंचाकडे जातो, कोणी ओळखीच्या शिपायाला गांठतो, कोणी देवळांत गाऱ्हाणें घालतो. गाऱ्हाण्याला नारळ तरी लागतो. कायद्यानें जो सरळ मार्ग घालून दिला आहे त्याला दहा रुपये पुरतात, आणि कित्येकदां तेहि लागत नाहींत.

समजा, रात्रीं समुद्रांत पर्ससीन नौकावाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यांत तंटा झाला (मालवण किनाऱ्याला असे तंटे नवे नाहींत) आणि पहांटे एका खलाशाला पोलीस घेऊन गेले. खलाशी परप्रांतांतला, घर शेंकडों कोस दूर, नौकेचा मालक मौन धरून बसलेला. अशा वेळीं घरच्या माणसांच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो अपराधाचा नव्हे. आपला माणूस या घटकेला आहे कोठें, हा. या प्रश्नाचें उत्तर कोणी विचारण्यापूर्वींच सरकारनें उघड्यावर लिहून ठेवावें अशी कायद्याची आज्ञा आहे. ती फार थोड्यांना ठाऊक असते.

त्या आज्ञेचा इतिहास असा. १९८६ सालच्या ऑगस्टमध्यें पश्चिम बंगालमधील एका कायदेसाहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनीं, पोलीस कोठडींतील मृत्यूंच्या वर्तमानपत्री बातम्यांकडे लक्ष वेधणारें एक पत्र सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना धाडलें. न्यायालयानें पत्रालाच अर्ज मानलें आणि १८ डिसेंबर १९९६ रोजीं निकाल दिला. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नांवाची व हुद्द्याची पाटी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेच्या वेळींच टिपण करून त्यावर तारीख व वेळ घातली पाहिजे. घरच्या माणसाची किंवा त्या वस्तींतील प्रतिष्ठित इसमाची साक्ष आणि अटक झालेल्याची सही त्यावर घेतली पाहिजे. अटकेची बातमी बारा तासांच्या आंत जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवून तेथील फलकावर लावली पाहिजे, असे दंडक न्यायालयानें घातले. फलकाचा हा दंडक १ नोव्हेंबर २०१० पासून फौजदारी प्रक्रिया संहितेंत आला. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें तर तो प्रत्येक ठाण्यापर्यंत नेला. कलम ३७ प्रमाणें प्रत्येक ठाण्यांत यासाठीं नेमलेला एक अधिकारी असावयाचा, आणि अटक झालेल्यांचीं नांवें, पत्ते व अपराधाचें स्वरूप ठाण्यांत व जिल्ह्याच्या ठिकाणीं ठळकपणें लावावयाचें. म्हणजे मालवणच्या माणसाला फलक वाचण्यासाठीं ओरोसपर्यंत एस.टी.चें तिकीट काढण्याचें कारण उरलें नाहीं.

यांत अटकेच्या वेळेची नोंद सर्वांत महत्त्वाची. अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आंत न्यायदंडाधिकाऱ्यापुढें उभें करावें, असें आपल्या संविधानाचें बाविसावें कलम सांगतें. पण अटकेची घटका कागदावर चढलीच नसेल तर चोवीस तास मोजावयाचे कोठून? फलकावर नांव लागलें कीं बेअब्रू झाली, असें पुष्कळांना वाटतें. तें नांव दडपण्यासाठीं जो शब्द टाकला जातो, तो अनेकदां त्याच माणसाचें संरक्षण काढून घेतो, हें लक्षांत येत नाहीं.

आतां फिर्यादीविषयीं, म्हणजे ज्याला प्रथम खबर म्हणतात त्या कागदाविषयीं. फिर्याद देणाराला किंवा अपराधांत पीडित झालेल्याला तिची नक्कल फुकट मिळते. इतरांसाठीं ७ सप्टेंबर २०१६ च्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, प्रथम खबर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावी. दुर्गम मुलखांत फार तर बहात्तर तास. लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद यांसारख्या नाजूक प्रकरणांना त्यांतून वगळलें आहे, व तें योग्यच आहे. मालवणांत राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजीं अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला, तेव्हां मालवण ठाण्यांत गुन्हा दाखल होऊन पुढें अटकाहि झाल्या. त्या दिवसांत पारापारावर जें बोललें गेलें, त्यांतलें किती मूळ फिर्यादींत होतें आणि किती ऐकीव होतें, हें कागद वाचणारालाच सांगतां आलें असतें. आणि फिर्याद हा आरोप आहे, निकाल नव्हे, याचें भान वाचणारानें ठेवावयाचें असतें.

जें फलकावर नाहीं आणि संकेतस्थळावरहि नाहीं, त्यासाठीं माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. तो १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलांत आला. महाराष्ट्राचा स्वतःचा असा कायदा त्याआधींच, २००२ सालचा, होता. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, नकलेला पानामागें दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला कांहींच नाहीं. अर्ज कां केला हें सांगण्याची सक्ती नाहीं. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाप्रमाणें एका अर्जांत एकच विषय व दीडशें शब्द. ही मर्यादा पुष्कळांना जाचते, पण खरें पाहतां ती अर्जदाराच्या हिताचीच ठरते. ‘माझ्या भावावर अन्याय झाला, त्याची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज करणाराच्या हातीं कांहीं पडत नाहीं. ‘अमुक तारखेच्या रात्रीं दहापासून दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंतच्या ठाणें दैनंदिनींतील नोंदींची नक्कल व अमुक इसमाच्या अटकेच्या टिपणाची नक्कल’ असें लिहिणाराला टाळणें कठीण जातें. कागदाचें नांव घेऊन कागद मागावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची. परंतु प्रश्न एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांची. कोठडींतील माणसाविषयींच्या अर्जांत हें वाक्य पहिल्याच ओळींत असावें.

तपास चालू आहे म्हणून माहिती देतां येत नाहीं, हें उत्तर नेहमींचें. कलम ८ मध्यें तशी तरतूद आहे खरी. पण तपास चालू असणें एवढेंच कारण पुरेसें नाहीं, माहिती दिल्यानें तपासाला अडथळा कसा येईल तें दाखविलें पाहिजे, असें दिल्ली उच्च न्यायालयानें भगतसिंग प्रकरणांत डिसेंबर २००७ मध्यें म्हटलें आहे. शिवाय कलम १० प्रमाणें, देण्यासारखा नसलेला भाग झांकून उरलेला कागद देतां येतो. नकार आला तर तीस दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलें अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरें. सिंधुदुर्गाचीं अपिलें आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे जातात.

अलीकडे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत सोयरीक जुळवितांना मुलाचें नांव कोठल्या ठाण्यांत आहे कां, हें काढण्याची हौस वाढली आहे. त्यांनीं हा कायदा त्यासाठीं वापरूं नये, आणि वापरला तरी फारसा उपयोग व्हावयाचा नाहीं. व्यक्तिगत माहिती नाकारण्याची मुभा, २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानें केलेल्या दुरुस्तीमुळें, नोव्हेंबर २०२५ पासून अधिक रुंद झाली आहे. सार्वजनिक हित वरचढ असेल तर माहिती देण्याची वाट मात्र मोकळी आहे. ही मुभा उद्यां खऱ्या गरजवंतालाहि नडेल, अशी भीति निराधार नाहीं. तरी दहा वर्षांपूर्वीं कोणाला पकडून दुसऱ्या दिवशीं सोडलें, ही शेजाऱ्याच्या कुतूहलाची बाब होय. तिला सार्वजनिक हित म्हणतां येत नाहीं.

वीस वर्षांपूर्वींच्या घटनेला मात्र तपासाची सबब किंवा खासगीपणाची सबब सांगतां येत नाहीं, असें कायदाच म्हणतो. अडचण असते ती कागद उरला असेल कीं नाहीं, याची. वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्यें सत्याग्रह झाला, लोकांनीं लाठ्या खाल्ल्या, धरपकड झाली. पुढें १९७२ सालीं केंद्र सरकारनें स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देऊं केलें तेव्हां सर्वसाधारणपणें सहा महिन्यांच्या कारावासाचा दाखला मागितला. त्या वेळीं पकडणाऱ्या सरकारच्या दफ्तरांत आपलें नांव असणें हीच अभिमानाची आणि उपयोगाची गोष्ट झाली होती. ज्यांची नोंद मिळाली नाहीं, त्यांना आपल्याबरोबर तुरुंगांत असलेला सोबती शोधून त्याचें प्रमाणपत्र आणावें लागलें.