फारशी कवींचा गुत्ता आणि आपला गुत्ता
(अवसरी खुर्द येथे दिलेले भाषण)



गुत्त्यावर बसणारा एक गृहस्थ मला म्हणाला, “मास्तर, मोठमोठे फारशी साधुकवी दारूची स्तुती करतात, मग आम्हांसच बोल का?” त्यास उत्तर देण्यास मी उभा आहे.

फारशी आपणांस परकी नाही. जमीन, हंगाम, कागद हे आपले रोजचे शब्द तिचेच. निजामशाहीत आपल्या जुन्नरच्या दप्तरी ती चाले. दिल्लीचा फारशी गझलकार अमीर हसन तर आपल्या खुलताबादेत मातीआड झाला.

आता शिराझचा हाफिझ पाहा. १३५३ साली मुबारिझुद्दीनाने ते शहर जिंकले आणि धर्माच्या नावाने गुत्ते बंद केले. लोक त्यास चेष्टेने ‘मुहतसिब’, म्हणजे आचारावर पहारा ठेवणारा अंमलदार, म्हणत. तोंडी धर्म आणि हाताला रक्त, असा तो कारभार! १३५८ साली पोटच्या मुलानेच त्यास कैद करून आंधळे केले. अशा दिवसांत हाफिझाने ढोंगी जपवाल्यापेक्षा गुत्त्यातला बदनाम माणूस बरा म्हटला. का? तो आपला दोष झाकीत नाही म्हणून.

त्याच्या आधीच्या अत्ताराने शेख सनआनची गोष्ट सांगितली आहे. चारशे शिष्यांचा हा गुरू एका ख्रिस्ती मुलीच्या प्रेमात पडला. दारू प्याला, धर्म सोडला, डुकरे राखू लागला. शिष्य लाजून परत फिरले. तेव्हा एका स्नेह्याने त्यांनाच फटकारले, की गुरू पडला असता तुम्ही पळालात कसे? पुढे शेख परतला. पण मोठेपणाची राख झाल्यावर.

मेख येथेच आहे. प्याला खरा की ईश्वरप्रेमाचा, हा वाद पंडित करोत. आपण एकच विचारू: नियम मोडला, त्यात कोणाचे काय गेले? कवीने आपला मोठेपणा गमावला. आपल्या गुत्त्यात मात्र बायकोची बाजरी जाते, पोराची पाटी जाते! आणि गळ्यात माळ घालून शेजाऱ्यास पंगतीबाहेर बसविणाऱ्याने हसू नये. हाफिझाचा कोरडा त्याच्याच पाठीवर आहे.

त्या गृहस्थास माझे उत्तर हेच. त्याच्या भावकीस मात्र दुसरे सांगतो: त्या शिष्यांसारखे पळू नका. आज रात्री चौघे जा, आणि त्यास हाताला धरून घरी आणा.